बावीस दिवसांचं पाणी

आमच्या लेकीला, सुमनला, शारजात जुळं झालं ते २००४ साल. तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून उदयनं, आमच्या मुलानं, मुंबईहून खटपट करून आम्हा दोघांचे पासपोर्ट काढून घेतले होते. पण जुळं दीड महिना आधीच आलं, सुमनची सासू आमच्याआधी तिथं पोचली, आणि आमचे पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत तसेच राहिले. माझी बायको मथुरा म्हणाली, "बरा झाला. फोटोत मी चोरासारकी दिसतंय. माका दारातच अडवतले."

त्याच आषाढात एका गुरुवारी सकाळी मी पडवीत फाटलेलं जाळं सांधत बसलो होतो. आमचं गाव देवगडच्या खाली, खाडीच्या तोंडाला. होड्या वर ओढल्या की पावसाळ्यात दुसरं काम नसतं. आत फोन वाजला. मथुरेनं उचलला, जरा वेळ ऐकलं, आणि वायर पुरली तेवढी बाहेर आली.

"अवो, आयकलास? कोणतरी बाई हिंदी बोलता. मोंबासा म्हणता."

माझा हात होता तिथंच थांबला. मी उठून फोन घेतला.

"आप धाकू सारंग? मैं रुकिया. मोंबासा से. फुंडी की बेटी."

"कौन फुंडी?"

पलीकडे कागद चाळल्यासारखा आवाज झाला. "गु-णा-जी," ती म्हणाली. लहान मूल पाटीवरचं वाचतं तसं, तुकडे पाडून.

पुढचं तिनं भराभर सांगितलं. तिथल्या एका हॉटेलात मालवणकडचा आचारी आला होता, त्याच्याकरवी आमचा नंबर मिळाला. बापाला आठ-दहा दिवस आहेत असं डॉक्टर म्हणतात. बाप दुसरं काही बोलत नाही, घरची माणसं आणा एवढंच बोलतो. मी हां हां म्हणत राहिलो. फोन ठेवला तेव्हा मथुरा दारात उभी होती.

"कोण होती?"

"गुणाजीची चेडू."

ती भिंतीला टेकली. "जितो आसा?"

"आसा."

"आतापावत?"

"आता बरा नाय तेका. आठ-धा दिवस म्हणतत."

ती आत गेली. चुलीवरून भाताचं टोप उतरवल्याचा आवाज आला. मग पदराला हात पुसत परत आली.

"लांब किती?"

"बावीस दिवस," मी म्हटलं. माझ्या तोंडातून तेच आलं. "आणि आता आषाढ. ह्या दिवसांत वारो थयसून हय येता. आता कोण जाता मोंबासाक? मार्गशीर्षाशिवाय वारो नाय."

मथुरेनं माझ्याकडे बघितलं. "मार्गशीर्षापावत तो तुमच्यासाठी थांबतलो?"

इथं एक गोष्ट उघड सांगून टाकतो. गुणाजी माझा सख्खा थोरला भाऊ. आणि मथुरा पहिल्यानं त्याची बायको होती.

१९५७ साली गुणाजी एका कच्छी जहाजावर खलाशी म्हणून आफ्रिकेला गेला. शिडाचं जहाज. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मोंबासात त्याला ताप भरला. नाखव्यानं, म्हणजे जहाजाच्या मुख्यानं, त्याला तिथल्या इस्पितळात ठेवला. परतीचा वारा सुटला तेव्हा माणूस पाठवला, तर गुणाजी इस्पितळात नव्हता. जहाज परत आलं. वारा कोणासाठी थांबत नाही. घरी निरोप आला तो एवढाच, की गुणाजी ना मेल्याचा पत्ता, ना जगल्याचा.

आमच्यात रीत अशी, की माणूस परागंदा झाला तर बारा वर्षं वाट बघायची. नाहीच आला तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला. १९६९ च्या कार्तिकात आम्ही खाडीच्या तोंडाशी गुणाजीचा पुतळा जाळला. अग्नी मी दिला. पुढच्या वर्षी आईच्या इच्छेनं मथुरेचा माझ्याशी पाट लागला. तोपर्यंत ती मला "धाकू" म्हणून हाक मारायची, मी तिला वयनी म्हणायचो. पाटाच्या दुसऱ्या दिवसापासून ती मला "तुमी" म्हणायला लागली. माझं नाव तिच्या तोंडून गेलं. पहिल्या नवऱ्याचं नाव तर तिनं कधी घेतलंच नव्हतं. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं ते असं.

१९६२ साली मीही त्याच वाटेनं मोंबासाला गेलो होतो. आणि गुणाजी मला भेटला होता. परत येऊन मी घरात पाऊल टाकलं तेव्हा आईनं विचारलं, "भेटलो काय रे?" मथुरा रांजणाजवळ ओल्या हातांनी उभी होती. तिनं काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "नाय." मी चोवीस वर्षांचा होतो. ते ठरवून म्हटलं असंही नाही आणि चुकून म्हटलं असंही नाही. एकदा म्हटल्यावर ते दुसऱ्या दिवशी मागे घेता आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तर नाहीच.

आता बेचाळीस वर्षांनी मथुरा त्याला भेटायला निघाली होती, आणि तो तिला सांगणार होता. त्याच्याआधी मला सांगायला हवं होतं. एवढंच माझ्यापुढं होतं. वाऱ्याचं निमित्त त्यासाठीच.

उदय फोनवर हसला. "बाबा, विमानाक वारो लागना नाय. सकाळी सातला निघालास की साडेधाला नैरोबी. थयसून लहान विमान, एक तास, की मोंबासा."

"म्हणजे साडेतीन तास."

"नाय, सहा तास. थयचा घड्याळ अडीच तास मागे आसा."

"मगे ते अडीच तास खय जातत?"

"खय जानत नाय, बाबा. येताना परत देतत."

कागदपत्रांत आठवडा गेला. त्या आठवड्यात मी रोज सांगायचं ठरवलं. एकदा पावसानं उघडीप दिली, ती कोकमं उन्हात घालत असताना जवळ जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "सावली पाडू नकात." मी बाजूला झालो.

निघायच्या आदल्या दिवशी ती भटजींकडे जाऊन आली. भटजी म्हातारे होते, पुतळा जाळताना मंत्र त्यांनीच म्हटले होते. ते तिला म्हणाले, जाळलेला माणूस परत सापडला तर तो तुमचा कोणी नाही. त्याचं बारसं करायचं, आत्यानं कानात नाव सांगायचं, मग तो घरचा. मथुरेनं हे मला सांगितलं आणि म्हणाली, "आत्या खय गावतली? तेची आत्या मेली तेका पन्नास वर्सां झाली."

"मगे?"

"मगे काय. बघूया."

मथुरा कुणाकडे रिकाम्या हातानं जाणारी बाई नव्हे. लेकीकडे जाताना दोन पिशव्या, शेजारी मयताला गेली तरी पदराआड काहीतरी. ह्या खेपेला तिनं काहीच घेतलं नाही. मी म्हटलं, कुळथाचं पीठ तरी घे. ती म्हणाली, "जळलेल्या माणसाक काय न्हेऊचा?"

विमानात मथुरा खिडकीशी बसली, मी मध्ये, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला नगीनभाई म्हणून एक गुजराती गृहस्थ. मोंबासात त्यांचं कापडाचं दुकान होतं. पट्टा कसा लावायचा ते त्यांनीच दाखवलं. समोरच्या खुर्चीच्या पाठीत एक छोटा पडदा होता. त्यावर निळं पाणी, एका बाजूला आपला किनारा, दुसऱ्या बाजूला आफ्रिका, आणि मध्ये पांढरं विमान. खाली आकडे.

मी अक्षरं शिकलो ती त्रेपन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, उदयच्या जुन्या पाटीवर. इंग्रजी आकडे मात्र होड्यांच्या नंबरांमुळे आधीच येत होते. मी वाचलं. चार हजार पाचशे एकतीस.

"काय ता?" मथुरेनं विचारलं.

"अजून इतके किलोमीटर ऱ्हवलेत."

विमान वर चढलं. थोडा वेळ खाली गढूळ पाणी दिसलं, मग ढग आले आणि पाणी गेलं. ढग पार टोकापर्यंत पसरले होते, पिंजून वाळत घातलेल्या कापसासारखे. आत कसलाच आवाज बदलत नव्हता. विमानाचा पंख हलत नव्हता. आम्ही कुठं जातोय असं वाटतच नव्हतं. फक्त आकडा उतरत होता.

मी मनातल्या मनात हिशेब घातला. साडेचार हजाराला बावीस दिवस, म्हणजे दिवसाला दोनशे. पडद्यावरचे दोनशे पाव तासात संपत होते. शिडावरचा एक दिवस इथं पाव तासाचा.

ते मी मथुरेला सांगितलं. तिला ते आवडलं असावं. खिडकीला कपाळ लावून ती म्हणाली, "मगे आता कितवो दिवस?"

"दुसरो."

"दुसऱ्या दिसा काय झालेला?"

"काय नाय. मागे वळान बघी तर देवगडचो दिवो दिसाचो बंद झालेलो."

असं ते सुरू झालं. पाव तास झाला की ती विचारी, आता कितवा. मी आकडा बघून सांगे. चौथ्या दिवशी पाणी हिरव्याचं काळं झालं होतं. सातव्या दिवशी पहाटे उडते मासे डेकवर येऊन पडले, ते आम्ही तसेच तव्यावर टाकले. नवव्यापासून बाराव्यापर्यंत वाराच नव्हता. शीड पदरासारखं खाली पडलं, समुद्र तेलासारखा झाला, आणि आमच्यातला जंगम म्हणून एक खलाशी स्वतःच्या पाण्यातल्या सावलीशी बोलायला लागला.

"काय बोलायचो?"

"इचारी, जेवलंस काय म्हणान."

मथुरा हसली. मग म्हणाली, "इतक्या वर्सांत ह्या कधी सांगूक नाय तुमी."

खरं होतं. त्या प्रवासाबद्दल मी घरात कधी बोललो नव्हतो. बोलायला लागलो असतो तर बाविसावा दिवस आला असता.

बाराव्या आणि तेराव्या दिवसाच्या मध्ये कुठंतरी मला डुलकी लागली. स्वप्न पडलं म्हणावं तर डोळे अर्धे उघडे होते. मी त्याच जहाजावर होतो आणि सुकाणूवर गुणाजी होता, पाठमोरा. मी त्याला सांगत होतो, अरे, जरा हळू ने, माझं अजून ठरलेलं नाही. तो वळून न बघता म्हणाला, वाऱ्याला सांग.

जागा झालो तर नगीनभाई माझ्याकडे झुकले होते. वर कोणीतरी इंग्रजीत बोलून थांबलं होतं.

"क्या बोला, सेठ?"

"अच्छी खबर, काका. पवन पीछे से है. बीस मिनिट जल्दी पहुंचेंगे."

"ऐसा कैसे? इस मौसम में तो पवन सामने से होता है. मैं खुद आया-गया हूं."

"नीचे, काका. नीचे सामने से. ऊपर का पवन अलग."

सारा जन्म वाऱ्यावर काढला, आणि माझ्या डोक्यावर तिसऱ्याच दिशेला दुसरा वारा वाहतो हे मला सहासष्टाव्या वर्षी कळत होतं. माझ्याजवळची वीस मिनिटंही त्यानं नेली. पडद्यावर बाराशे उरले होते.

"आता कितवो?" मथुरेनं विचारलं.

"सोळा संपलो."

"सांगा."

मी सांगत गेलो. अठराव्या दिवशी पाण्यात पानांसकट एक फांदी वाहत आली आणि सगळे तिच्याकडे लग्नातल्या नवरीकडे बघावं तसे बघत राहिले. एकोणिसाव्याला पक्षी. विसाव्याला जमीन दिसत नव्हती, पण वास आला, ओल्या मातीचा आणि धुराचा. एकविसाव्याला एक हिरवी रेघ. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला असावा, कारण ती खिडकी सोडून माझ्याकडे वळून बसली होती.

विमान ढगात शिरलं. खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं. पट्टे लावा म्हणून बाई सांगत गेली. पडद्यावर दोनशे दहा.

"आणि बाविसाव्या दिसा?" मथुरा म्हणाली.

हा दिवस तिला माहीत होता. आईला मी सांगितलेला तिनं ऐकला होता, की बंदरात उतरलो, सगळीकडे विचारलं, गुणाजीचा पत्ता लागला नाही. ती तो परत ऐकायला बसली होती.

"बाविसाव्या दिसा गुणाजी भेटलो," मी म्हटलं.

मला वाटलं, तिला विमानाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं, "माका तो भेटलेलो, मथुरे. मी घराकडे खोटा सांगलंय."

नगीनभाई डोळे मिटून जप करत होते. बाहेरचा पांढरा उजेड मथुरेच्या एका गालावर पडला होता. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली,

"धाकू."

चौतीस वर्षांनी ते नाव मी तिच्या तोंडून ऐकत होतो.

"काय?"

"बाविसावो दिवस परत सांग. सगळो. एक शब्द गाळू नको."

मी सांगितलं. जुन्या बंदराच्या पायऱ्यांवर एक माणूस शीड शिवत बसला होता. मागून मानेवरून ओळखला. अंगात निळा सदरा होता, एक बाही फाटलेली. मला बघून तो उठला नाही, म्हणाला, तू कधी इतको उंच झालंस? आम्ही चहा प्यायलो. तापातून उठल्यावर तो इस्पितळातून निघून गेला होता, आणि शिडं शिवायच्या कामाला लागला होता. तिथं कारागिराला फुंडी म्हणतात, त्यालाही सगळे तेवढंच म्हणत. मी म्हटलं, चल घरी. तो म्हणाला, ह्या खेपेला नाही. आणि मग मथुरेसाठी निरोप दिला.

"काय निरोप? तेच्याच शब्दांत."

"'मथुरेक सांग, अजून एक वारो थांब. फुडल्या वाऱ्याक येतंय.'"

"इतकोच?"

"इतकोच."

तिनं ओठ हलवून तो एकदा मनाशी म्हटला. पाठ करून घ्यावा तसा. मग विचारलं, "परत येताना किती दिवस लागले?"

"अठरा."

"अठरा दिवस ह्यो निरोप तोंडात धरून इलंस, आणि दारात येवन गिळलंस."

मी हो म्हटलं. ती परत खिडकीकडे वळली. ढग फाटले आणि खाली जमीन दिसली, पिवळट, सपाट, झाडं लांब लांब. चाकं टेकली. पडद्यावर शून्य होतं. पट्टा सुटेना तेव्हा ती म्हणाली, "ह्या काढ."

नैरोबीला रुकिया न्यायला आली होती. चाळिशीची, उंच, डोक्यावरून काळी ओढणी. तिनं वाकून आधी मथुरेचे हात डोळ्यांना लावले. तिच्या कपाळाची ठेवण आमच्या आईची होती. मथुरा तिच्याकडे बघत राहिली आणि पुढच्या विमानात तिच्याशेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी तासभर बोलत होत्या.

घर जुन्या बंदराजवळ, माडीवर. खिडकीतून पाणी दिसत होतं. खिडकीशी दोरीनं विणलेल्या पलंगावर गुणाजी पडला होता. एवढा मोठा माणूस, त्याचं गाठोडं झालं होतं. रुकिया त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. त्याला ऐकू कमी येत होतं. त्यानं डोळे उघडले.

"धाकू? म्हातारो झालंस रे."

"तू नाय झालंस?"

"माका तुमी जाळलास मरे. मगे म्हातारो कसो होतलंय?"

त्याची मालवणी गंजलेल्या कडीसारखी अडत अडत निघत होती. मधेच तिथल्या भाषेचा शब्द येई आणि तो थांबून आपला शब्द शोधी. पुतळ्याची गोष्ट त्याला सत्तर सालीच एका खलाशाकडून कळली होती. "मी थयच बसलेलंय," तो पायऱ्यांच्या दिशेनं हात करून म्हणाला, "शीड शिवीत. आणि तो म्हणता, अरे तू तर मेलंस. मी म्हटलंय, बरा."

मग त्याला दारातली मथुरा दिसली. तो बघत राहिला. हळूहळू त्यानं पांघरूण वर ओढलं आणि उघडी छाती झाकली.

मथुरा पुढं आली. पलंगाच्या कडेला बसली आणि मला म्हणाली, "भटजीनी सांगल्यानी हा. बारसा केल्याशिवाय तेंचो-आमचो संबंध नाय. आत्या नाय तर मीच नाव ठेवतंय."

ती वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"काय?" गुणाजी म्हणाला. "माका आयकाक येना नाय."

तिनं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. त्यानं मान हलवली. तेव्हा ती सरळ बसली, एकदा श्वास घेतला, आणि खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली,

"गुणाजी."

खालच्या गल्लीत कोणीतरी मान वर करून बघितलं. रुकिया चहाचे कप घेऊन येत होती ती दारात थांबली.

"हां," गुणाजी म्हणाला. शाळेत हजेरी देतात तसं.

त्याचे ओठ हलत होते. पाण्यावरचा उजेड छतावर नाचत होता, आणि आम्ही सगळे त्या उजेडाकडे बघत होतो. मला वाटलं, झालं, आता तो झोपेल. मग त्यानं विचारलं.

"मथुरे, धाकून निरोप दिल्यान तुका?"

मी उभा होतो. मथुरेनं माझ्याकडे बघितलं नाही.

"दिल्यान," ती मोठ्यानं म्हणाली.

"मगे?"

"तू सांगलंस एक वारो. मी सात थांबलंय."

बासष्ट ते एकोणसत्तर. सातच होते. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, पहिला 'दिल्यान' सोडून.

गुणाजीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे गेलं. "चुकलंय गो मी," तो म्हणाला. "थय बसान म्हणी, निरोप पावलो आसतलो, ती थांबतली, फुडल्या वाऱ्याक जाऊया. दर वाऱ्याक असाच म्हणी. मगे रुकियाची आये गावली. चुकलंय."

आता मी बोलायला हवं होतं. निरोप मी दिलाच नव्हता, ही वाट बघत होती ती तुझ्या निरोपाशिवाय, हे तिथं सांगायला हवं होतं. त्यासाठी ना बावीस दिवस लागत होते, ना सहा तास. पलंगापासून मी दोन पावलांवर होतो. रुकियानं माझ्या हातात कप दिला. मी तो धरला आणि गप्प राहिलो.

मथुरा त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "जावंदे. नीज आता."

पुढचे दोन दिवस ती त्याला पेज भरवत होती. तो तिला तिथल्या माशांची नावं सांगे, ती त्याला आपल्याकडची सांगे. मी खिडकीत बसून बंदर बघत असे. पायऱ्या होत्या तशाच होत्या.

येताना विमानाला पाऊण तास जास्त लागला. वरचा वारा समोरून होता. मथुरा खिडकीशीच बसली होती, पण कितवा दिवस ते तिनं विचारलं नाही. मीही आकडे वाचून दाखवले नाहीत. त्यानंतर ती मला पुन्हा कधी "तुमी" म्हणाली नाही. धाकू म्हणायची. चारचौघांतही. उदयनं एकदा विचारलं, आई, बाबांचं नाव घेतेस? ती म्हणाली, "तेचा नाव ताच आसा."

गुणाजी आम्ही तिथंच असताना, ११ जुलै २००४ ला, रविवारी सकाळी आठच्या सुमाराला गेला. रुकियाच्या माणसांनी त्यांच्या रीतीनं त्याला पुरला. आमच्याकडून तो एकदा जाळून झालेलाच होता. दहा दिवसांचं सुतक मथुरेनं रुकियाच्या घरी पाळलं.

मथुरा १९ फेब्रुवारी २०१३ ला, मंगळवारी दुपारी, आमच्या घरी वारली.